मुलुंडहून वाळवंटात दिलेला निरोप

वाळवंटातल्या रॅलीत वायरलेसवाला बहुतेक वेळ गाड्या मोजत असतो. स्टार्टवरून अमुक नंबर सुटला, पॉइंट दोनवरून गेला, तीनवरून गेला, असे आकडे पुढे सरकत राहतात. एखादा आकडा दोन पॉइंटांच्या मध्ये अडकला की कंट्रोलला कळतं, गाडी तिथेच कुठेतरी आहे. जिथे रस्ताच नाही तिथे गाडी शोधायची याहून भरवशाची रीत मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात जैसलमेरच्या पुढच्या वाळूत रॅली होती. संयोजकांकडे त्यांचे परवान्याचे, जवळच्या अंतरासाठीचे व्हीएचएफ सेट होते. आणीबाणीसाठी हाताशी असावेत म्हणून आमच्यातले दोघे हॅम, म्हणजे परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले, तेही गेले होते, एक ठाण्याचा आणि एक कल्याणचा. मी मुलुंडला घरीच होतो, पण सकाळभर 7 मेगाहर्ट्झवर कान ठेवायचं कबूल केलं होतं. गच्चीवर वीस मीटर तारेचा इन्व्हर्टेड व्ही अँटेना, खाली खोलीत 100 वॉटचा सेट. पुतणीला नुकताच हॅमचा परवाना मिळाला होता, ती लॉग, म्हणजे निरोपांची नोंदवही, लिहायला बसली होती. लिफ्टची मोटर सुरू झाली की सेटमध्ये खरखर व्हायची, ती थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचं. मुंबईत एचएफ, म्हणजे 7 मेगाहर्ट्झसारख्या लांब पल्ल्याच्या लहरी, ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे सोसावंच लागतं.

व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातं. मध्ये वाळूची टेकाडं आली की हातातल्या पाच वॉटच्या सेटचं काही चालत नाही. म्हणून एका उंच टेकाडावर रिलेची, म्हणजे निरोप पुढे पोचवणारी, जीप उभी करायची होती, ती पहाटेच वाळूत रुतली. स्टार्टचा आवाज पॉइंट तीनपर्यंत जात होता, चारपर्यंत नाही. मग स्टार्टवरचा ठाणेकर आणि पॉइंट चारवरचा कल्याणकर, दोघांनी एचएफ सेट चालू केले. दोघांमध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर, तरी एकमेकांना ऐकू येईनात. मला मात्र जवळपास 900 किलोमीटरवर दोघेही स्वच्छ ऐकू येत होते.

हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. जमिनीलगत जाणारी लहर कोरड्या वाळूत लवकर विरते. वर गेलेल्या लहरीचं परतणं आयनोस्फिअरवर, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आणि लहरीच्या कोनावर अवलंबून. चपटा दगड पाण्यावर तिरका फेकला तर टप्पा घेतो, उभा टाकला तर बुडतो. हिवाळ्यात सकाळी तो थर अजून विरळ असतो, त्यामुळे सरळ वर गेलेली 7 मेगाहर्ट्झची लहर आरपार निघून जाते, आणि तिरकी गेलेली लांब कुठेतरी उतरते. त्या दिवशी ती मुंबईत उतरत होती. मेक्सिकोतल्या बाहाच्या शर्यतींत डोंगरावर बसून टीमचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा रिले प्रसिद्ध आहे, त्याला सगळे ‘वेदरमन’ म्हणतात. आमच्याकडे त्या सकाळी डोंगराची जागा मुलुंडच्या गच्चीने घेतली.

आठच्या सुमारास कल्याणकराचा आवाज आला. “अकरा नंबर आलेला नाही. टेकाडावरचे लोक पलीकडे धावताहेत. गाडी दिसत नाही. धूळ थांबली आहे.”

पुतणी चटकन म्हणाली, “काका, अ‍ॅक्सिडेंट झाला!”

“तो तसं म्हणाला का?”

“नाही.”

“मग जे म्हणाला तेवढंच लिही.”

मी ती चार वाक्यं जशीच्या तशी स्टार्टला दिली आणि परत म्हणून घेतली. रिलेवाल्याने स्वतःचा अंदाज निरोपात मिसळला तर पलीकडचा माणूस त्या अंदाजावर निर्णय घेतो, आणि मूळ बातमी हरवते. इथे मूळ बातमीच पुरेशी बोलकी होती. रॅली बघणारी गर्दी टेकाडाच्या माथ्याजवळ जमते, कारण गाडी तिथून उडते. सगळे एकदम एका दिशेने पळाले, तर त्या दिशेला काहीतरी झालेलं असतं.

काळजी मागून येणाऱ्या गाड्यांची होती. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने बारा आणि तेरा सुटल्या होत्या. माथ्यापलीकडचं ड्रायव्हरला दिसत नाही, आणि त्याच उतारावर आता माणसं गोळा होत होती. 14 ऑगस्ट 2010 ला कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रात्रीच्या शर्यतीत एक ट्रक उंचवट्यावरून उडून प्रेक्षकांत घुसला आणि 8 जण गेले. माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं.

स्टार्टने गाड्या सोडणं थांबवलं. व्हीएचएफवर पॉइंट तीनला लाल झेंडा दाखवायला सांगितलं. थोड्या वेळाने ठाणेकर म्हणाला, “बारा आणि तेरा, दोन्ही तीनवर थांबल्या.” निरोप दिल्यापासून तोवर मी एकही शब्द बोललो नव्हतो. त्या वेळी चॅनल मोकळा ठेवणं हेच माझं काम होतं.

मग चारकडून पुढची बातमी आली. वाटेवर देखरेख करणारा एक मार्शल धावत जाऊन पाहून आला होता. गाडी कुशीवर पडलेली, ड्रायव्हर बाहेर, शेजारी बसून वाट सांगणारा नेव्हिगेटर आत पट्ट्यात अडकलेला. शुद्धीवर, पाठ दुखते, पाय हलतात. गावकरी त्याला ओढून काढायच्या बेतात. त्यांची माया खरी होती, पण पाठीच्या दुखापतीत तीच भोवली असती. निरोप स्टार्टच्या डॉक्टरांपर्यंत गेला आणि तत्काळ उत्तर आलं. मी ते सावकाश दोनदा म्हटलं, “बाहेर काढू नका. मान धरून ठेवा. गाडीला टेकू द्या. अ‍ॅम्ब्युलन्स निघाली.”

“रॉजर. काढू नका, मान धरा, टेकू द्या,” कल्याणकराने परत म्हटलं, आणि मार्शलला घातलेली त्याची हाक माइकमधून मला ऐकू आली.

अ‍ॅम्ब्युलन्स पोचल्याचा निरोप येईपर्यंत लिफ्ट दोनदा खालीवर झाली. त्या दोन्ही वेळा मी सेटवरचा फिल्टर आवळून कान जवळजवळ स्पीकरलाच लावला होता. नेव्हिगेटरला बोर्डवर बांधून हलवलं. मणक्याला चीर होती, पण संध्याकाळी तो स्वतः फोनवर बोलला.

रात्री संयोजकांची बैठक झाली. दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यात अशा प्रत्येक माथ्याच्या अलीकडे झेंडा घेतलेला मार्शल ठेवायचं ठरलं. गर्दीसाठी दोरी उतरणीच्या बाजूला न बांधता मागच्या चढावर, वाटेपासून बरीच लांब आणि उंचावर बांधायची, असंही. तिथून गाडी उडताना नीट दिसते, आणि ती अंगावर येत नाही. गावातल्या जाणत्यांनीच ती जागा दाखवली.

आम्हाला मात्र एक विनंती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मुंबईचं स्टेशन चालू हवं. पुतणीने गजर पाचचा लावला आणि लॉगची नवी वही काढली.