उणे एक

जुलै २०२० च्या अखेरीस पुण्यातील दुसरी टाळेबंदी उठली आणि सम-विषमच्या नियमाने बाजारपेठ एक दिवस या बाजूने, दुसऱ्या दिवशी त्या बाजूने उघडू लागली, तेव्हा मी पेठेतील एका बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळत होते. टाळेबंदी लागली ती ऐन गुढीपाडव्याला, त्यामुळे लग्नसराईसाठी भरलेला माल गल्लोगल्ली तसाच पडून होता.

त्या दिवशी सकाळी मी एका साडीच्या व्यापाऱ्यांना फोन केला. केंद्राच्या आपत्कालीन कर्जहमी योजनेत, ज्याचे खाते फारसे थकलेले नाही, त्याला आधीच्या कर्जाच्या २९ फेब्रुवारी २०२० च्या येणे बाकीच्या वीस टक्के रक्कम द्यायची होती. त्याला जादा तारण नव्हते, प्रक्रिया शुल्क नव्हते, व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या आत, पहिले वर्ष मुद्दल फेडायचे नाही, आणि कर्ज बुडाले तर हमी सरकारची. त्यांची बाकी चोवीस लाख होती, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. त्यांनी मागितले नव्हते; नको असेल तर तसे कळवायचे होते. वरिष्ठ कार्यालयाकडून रोज संध्याकाळी या योजनेतल्या कर्जांचा आकडा विचारला जाई, आणि तो आकडा अशाच खात्यांतून सर्वांत लवकर भरे.

दुपारी बांगड्यांचे दुकान असलेले एक काका आले. शाखेत त्यांचे चालू खाते होते आणि मला ओळखू लागल्यापासून त्यांचा एकही धनादेश परत गेलेला नव्हता. 'ताई, ते सरकारी कर्ज आम्हालाही मिळेल ना?' जन्मात कर्ज काढले नसल्याचे त्यांनी अभिमानाने सांगितले. ज्याची बाकीच शून्य, त्याचे वीस टक्के काय काढणार? पथविक्रेत्यांच्या दहा हजारांच्या स्वनिधी योजनेतही ते बसेनात, कारण त्यांना पक्का गाळा होता. मी सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल काढला. पूर्वीचे कर्जच नसले की तिथे गुणांच्या जागी 'उणे एक' छापून येते. काकांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि विचारले, 'म्हणजे शून्याच्याही खाली?'

छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेचा मार्ग होता, तो मी सांगितलाही. परंतु चार महिने बंद असलेल्या दुकानाची परतफेडीची क्षमता कागदावर कशी दाखवायची, हा प्रश्न मी त्यांच्यावरच टाकला, विवरणपत्रांची यादी हातात दिली आणि पुढच्या फाइलीकडे वळले. थोडी खटपट केली असती, तर मुद्रातले पन्नास हजारांचे 'शिशु' कर्ज त्या आठवड्यात बसवता आले असते असे आज वाटते. त्या संध्याकाळी मात्र मी आकडा कळवला आणि माझे कौतुक झाले.

साडीवाल्यांनी त्या पैशातून सुरतची देणी भागवली, दसऱ्याला नवा माल भरला. काका यादीतले कागद घेऊन आलेच नाहीत. ते आले थेट पुढच्या वर्षी, चालू खाते बंद करायला. अर्जातल्या कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत 'धंदा बंद' असे लिहिले होते, आणि त्याखाली सही माझीच लागणार होती.