तुम्ही विचारलंत म्हणून: पान पिवळं पडलंय, काय टाकू?

आठवड्यातून दोन-तीन जण तरी मला हेच विचारतात. फोनवर एका पानाचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, लिंबू पिवळं पडालंय की ओ, काय टाकू?" लिंबाच्या जागी कधी मिरची असते, कधी जास्वंद, कधी कढीपत्ता, पण "काय टाकू" हे ठरलेलं. सोलापुरात गच्चीवर कुंड्या सांभाळायला लागून मला नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली तीन मी सुद्धा हाच प्रश्न दुकानात जाऊन विचारत होते, म्हणून आज नीट उत्तर लिहिते.

आज काहीच टाकू नका. आधी बघा, पिवळं झालेलं पान कुठलंय, खालचं जुनं का शेंड्याचं नवं?

अर्धं निदान इथेच होतं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानातून काढून नव्या पालवीला देतं, त्यामुळं खालची पानं आधी खराब होतात. लोह, जस्त, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही, एकदा पानात बसलं की तिथंच राहतं, मग कमी पडलं की त्रास नव्या पानाला. खालचं अख्खं पान शिरांसकट फिकट पिवळं होऊन गळत असेल तर नत्र. खालच्याच पानाच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होत असतील तर बहुतेक पालाश. खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानावर असेल तर लोह. शेवटचे दोन इतके सारखे दिसतात की नुसत्या एका पानाच्या फोटोवरून मी कधीच सांगत नाही, पान फांदीवर कुठं होतं ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता सोलापूरचं सांगते, कारण इतर ठिकाणचे सल्ले आपल्याकडं उलटे पडतात ते इथंच. माझं लिंबू एका निळ्या ड्रममध्ये होतं, तिसऱ्या वर्षी नवी पानं पिवळी पडली, नंतर तर पांढरटच यायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदार म्हणाले खत कमी पडालंय, 19:19:19 द्या, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत. दिलं. मग शेणखत दिलं, मग पेंड भिजवून दिली, आणि दर वेळी झाड आणखी खाली गेलं, फुलं गळाली, एक फांदी वाळली. शेवटी डाळिंबाची बाग असलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी ड्रममधली मूठभर माती ताटलीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतलं आणि माती चक्क फसफसली. म्हणाले, ही चुनखडी आहे, लोह मातीत असेल सुद्धा, पण मुळाला उचलता येत नाहीये.

आपली काळी माती मुळातच चुनखडीची, वरून बोअरचं जड पाणी, ज्यानं बादलीला आणि नळाला पांढरा थर चढतो. पाण्याचा नळ रोज येत नाही म्हणून झाडांना बोअरचंच जातं आणि प्रत्येक तांब्याबरोबर थोडा थोडा चुना जातो. मातीचा पीएच, म्हणजे माती आंबट का खारी ते सांगणारा आकडा, साडेसात-आठच्या पुढं गेला की लोह, जस्त, मँगनीज मुळाला मिळेनासं होतं, मग तुम्ही कितीही खत घाला. लोखंडी खिळे पुरणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, ते लोह सुद्धा असंच अडकतं.

त्या लिंबाला शेवटी चिलेटेड लोह दिलं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह. इथं एक गोष्ट दुकानात स्पष्ट विचारून घ्या. ईडीटीए प्रकारचं लोह फवारणीला चालतं पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही, मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं, पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो त्याला. महाग आहे, पण कुंडीला चिमूटभरच लागतं, प्रमाण पाकिटावर असतं तेवढंच. बोअरच्या जागी पावसाचं साठवलेलं आणि एसीचं ठिबकलेलं पाणी द्यायला लागले, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र झाडांना नको, क्षार त्यातच गोळा झालेले असतात, आणि आपल्याकडं नेमकं तेच बचत म्हणून कुंडीत ओततात. अडीच आठवड्यांनी शेंड्याला हिरवी पालवी आली. जुनी पांढरी पानं तशीच राहिली, ती परत हिरवी होत नाहीत, म्हणून गुण आला का ते नव्या पानावर बघायचं.

मॅग्नेशियमची कमतरता निघाली तर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) एका लिटर पाण्याला 5 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं, दहा दिवसांनी परत एकदा. एप्रिल-मेच्या दुपारी काहीही फवारू नका, पारा 42-43 ला असताना पानं तशीच करपतात.

टोमॅटोचं फळ बुडाशी काळं पडून बसतं, त्याचं विचारणारे सुद्धा खूप. ती कॅल्शियमची कमतरता आहे, खरंय, पण आपल्या मातीत-पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे. फळापर्यंत ते पाण्याबरोबर जातं, आणि दोन दिवस कुंडी कोरडी ठक्क आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब असं चाललं की पोचत नाही. अंड्याची टरफलं घालून काही होत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी आणि वरून पालापाचोळ्याचं आच्छादन, बास.

पानांची नुसती टोकं जळत असतील आणि कुंडीच्या काठाला पांढरी पावडर दिसत असेल तर ती उपासमार नाहीच, क्षार साठलेत किंवा खत जास्त झालंय. खत बंद करा आणि चांगलं पाणी इतकं ओता की खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल.

आणि एक तपासणी मी कुठलंही खत उघडायच्या आधी करते. पांढऱ्या कागदावर पान झटकायचं. बारीक ठिपके पडून चालायला लागले तर तो लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) आहे, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फार वाढतो आणि पान अगदी कमतरतेसारखंच फिकट करतो. मग बोट दोन पेरं मातीत घालायचं, चिखल लागला तर मुळं गुदमरलीत, तेव्हा सुद्धा पानं पिवळीच होतात.

तर फोटो पाठवताना तीन पाठवा, एक शेंड्याचा, एक खालच्या पानांचा, एक कुंडीच्या काठाचा, आणि पाणी कुठलं देता, गेल्या महिन्यात काय काय टाकलंय ते सगळं लिहा. फोटो सकाळच्या उजेडातला हवा, रात्री ट्यूबलाइटखाली सगळीच पानं पिवळी दिसतात.