वाऱ्याचा डोळा

नाशिकला जाताना गाडीत विंडो सीट मिळाली. ‘खिडकीची जागा’ म्हणायचे दिवस गेले. भाचासुद्धा ‘मावशी, विंडो माझी’ म्हणूनच भांडतो. कसारा सोडलं, घाटातला वारा भसकन आत आला आणि डोळ्यात कचरा गेला. इगतपुरीपर्यंत ओढणीचा बोळा फुंकून फुंकून डोळ्याला लावत बसले. भाचा गालात हसत होता.

गंमत म्हणजे त्या ‘विंडो’ शब्दातच वारा आणि डोळा दोन्ही आहेत. मूळ शब्द व्हायकिंग लोकांचा, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दींचा, ‘विंदाउगा’. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. त्यांच्या लांबलचक घरांना काचा कुठल्या? छपराला एक भोक, त्यातून चुलीचा धूर बाहेर आणि उजेड आत. नवव्या शतकात ही मंडळी इंग्लंड लुटायला आली, नंतर तिथंच शेती करून राहिली आणि हळूहळू त्यांच्या भोकानं इंग्रजांचा घरचा शब्द हुसकावून लावला. तो होता ‘एआगथ्युर्ल’, म्हणजे ‘डोळ्याचं भोक’. त्यातला ‘थ्युर्ल’ अजून ‘नॉस्ट्रिल’च्या शेपटीत दडून बसलाय. नाकाचं भोक टिकलं, डोळ्याचं गेलं!

पुढे या डोळ्यांवर सरकारचीही नजर पडली. 1696 ते 1851 इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला लोकांनी खिडक्या चक्क विटांनी बुजवल्या.

मला मात्र खरी मजा वाटली ती आपल्याकडच्या शब्दांची. संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात आणि गवाक्षही. एकीत वारा, दुसरीत डोळा, तोही बैलाचा. आणि हा नुसता योगायोग नाही: ‘वात’ आणि ‘विंड’, ‘अक्षि’ आणि ‘आय’ ही एकाच घराण्यातली भावंडं. आपल्या पूर्वजांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या, त्या दर्यावर्दींनी एकाच भोकात कोंबलं.

आपली ‘खिडकी’ यात कुठेच नाही. तिचं मूळ ‘खडक्किका’, म्हणजे बाजूचं छोटं दार. गोव्यातलं ‘जनेल’ पोर्तुगीजांकडून आलं, तेही लॅटिनमधल्या छोट्या दारावरून. आमच्या मांजराला हे कुणी सांगितलं कोण जाणे. पुढचं दार सताड उघडं असलं तरी ते रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच येतं, ओट्यावर पाय देऊन.