घरी कूलंट बदलता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: येतं. पण जुनं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, काढणं आणि नवं ओतणं यात फार काही नाही. खरी कसोटी आत अडकलेली हवा काढण्याची, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

आधी गाडी पूर्ण गार होऊ द्या. सिस्टीम दाबाखाली असते, म्हणून आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलंत की दाब सुटतो आणि ते उसळून अंगावर येतं.

खाली पसरट भांडं ठेवून रेडिएटरचा ड्रेन प्लग सोडा. तो नसेल तर खालचा होज काढा. तरी सगळं निघत नाही, इंजिन ब्लॉकमध्ये बरंच उरतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, इंजिन चालवायचं, गार झालं की पुन्हा रिकामं करायचं. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात.

आता एक गंमत. धुतल्यावर ब्लॉकमध्ये पाणीच उरलेलं असतं. त्यावर निम्मं पाणी असलेलं तयार कूलंट ओतलंत तर ते आणखी पातळ होतं. त्यापेक्षा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या, एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ओता, वर डिस्टिल्ड वॉटर. रंग बघून मात्र घेऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर; मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळवा.

आणि हवा? हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सोडा, सावकाश भरा. गाडीचं तोंड थोडं चढावर असेल तर उत्तम. इंजिन चालू ठेवलं की साधारण ८० ते ९० अंशांना थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप, उघडतो आणि पातळी खाली जाते. पंखा आपोआप सुरू होतो, हात लांब ठेवा. हीटरमधून सलग गरम वारा यायला हवा. मधेच गार झाला किंवा डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर हवा अजून आत आहे. काही नव्या गाड्यांत व्हॅक्यूम लावूनच भरावं लागतं. त्या मी सरळ गॅरेजला देतो.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर ‘जुनं कूलंट’ असं लिहा आणि ते घेणाऱ्या गॅरेजला द्या.