खेचरावर लादलेली लायब्ररी

परवा माळा आवरताना आईची कात्रणांची वही सापडली. म्हणजे वही कसली, कुठल्यातरी बँकेची फुकट मिळालेली डायरी, तिच्यात पेपरमधल्या रेसिप्या, स्वेटरचे नमुने, केस गळण्यावरचे उपाय असं सगळं खळ लावून चिकटवलेलं, आणि खळीच्या नादाने झुरळांनी कडा कुरतडलेल्या. टाकायला काढली होती, पण अचानक अमेरिकेतलं केंटकी राज्य आठवलं आणि परत ठेवून दिली.

अमेरिकेतल्या १९३०च्या मंदीबद्दल मध्यंतरी बरंच वाचत होते. केंटकीच्या पूर्वेला डोंगराळ भाग आहे, कोळशाच्या खाणींचा, तिथे आधीच गरिबी आणि त्यात मंदी. रस्ते असे की गाडी जाणारच नाही. तेव्हा सरकारने कामं काढली होती (आपल्या रोजगार हमीसारखीच, पण रस्ते-पुलांसोबत हेही), त्यात १९३५ पासून बायकांना घोड्याखेचरांवरून पुस्तकं पोचवायचं काम दिलं. पगार महिन्याला २८ डॉलर, त्यात घोडा स्वतःचा आणा नाहीतर भाड्याने घ्या, म्हणजे पेट्रोल तुमचंच टाइप नोकरी! ओढ्यातून, बर्फातून आठवड्याला शंभरेक मैल जायचं.

पण पुस्तकांना मात्र सरकारी पैसा नव्हता. लोकांनी दान दिलेली जुनी पुस्तकं आणि मासिकं, तीही हाताळून हाताळून फाटायची. मग या बायका काय करायच्या, तर फाटक्या मासिकांतली बरी पानं कापून वहीत चिकटवायच्या आणि ती वहीच पुस्तक म्हणून फिरवायच्या. डोंगरातल्या बायका त्यात आपली रेसिपी, आपल्या गोधडीचा नमुना घालून द्यायच्या, तो पुढच्या घरी जायचा. कोपरे दुमडू नयेत म्हणून बुकमार्कला जुनी ख्रिसमस कार्डं. घरात कुणाला वाचता येत नसेल तर ही बाई बसून वाचून दाखवायची, किंवा पोरं आईबापांना वाचून दाखवायची.

मंदीत लोक वाचायला लागले म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच ग्रंथ वगैरे येतात, मला ते पटत नाही. शहरात तेव्हा दहा सेंटला मिळणारी, हलक्या खरबरीत कागदावरची पल्प मासिकं खपत होती, खून, काउबॉय, मंगळावरची माणसं. लिहिणाऱ्याला बरेचदा शब्दाला एक सेंट, त्यामुळे हिरो दार उघडायलाही अर्धं पान घेणार, घेऊ दे की! काम नाही, हातात दिवसभर वेळ आणि एक अंक घरातल्या चौघांत आणि मग शेजारी. टाइमपास लागतोच माणसाला, पैसे नसताना तर जास्तच.

ते घोडेवालं काम १९४३ मध्ये बंद झालं, महायुद्धामुळे लोकांना दुसरीकडे रोजगार मिळायला लागला होता.

आईला फोन केला, म्हटलं तुझी वही सापडली. तर म्हणे, "त्यात पाकातल्या पुऱ्या आहेत ना, ते पान आपलं नाहीये गं, खालच्या काकूंच्या वहीतून काढून घेतलेलं, द्यायचं राहिलंच." काकू केव्हाच बोरिवलीला गेल्या. पान बघितलं, मागच्या बाजूला एका क्रमशः कादंबरीचा अर्धा भाग आहे, ऐन भांडणात तुटलेला.