एसी लावला की ठीक, बंद ठेवला की बंद

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर बॉनेट उघडायचं तर हातात फडकं घ्यावं लागतं. अशाच एका दुपारी सर माझ्या गॅरेजवर गाडी घेऊन आले. निवृत्त विज्ञान शिक्षक. गाडी 1997 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली, एसीचं किट मागाहून बाहेरून बसवलेलं. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "तुम्ही हसाल, पण सांगतो. एसी लावला की गाडीला काही होत नाही. एसी बंद ठेवला की सिग्नलला बंद पडते."

हसू आलंच मला. कारण नेहमीची तक्रार नेमकी उलटी असते. आठशे सीसीचं इंजिन, एसी लावला की गुदमरतं, हे मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. हे नवीनच होतं.

तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. कार्बोरेटर दोनदा साफ, प्लग नवे, डिस्ट्रिब्युटरची कॅप नवी. एकाने पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरायला सांगितलं होतं. शेवटच्याने आयडलचा स्क्रू एवढा पिळून ठेवला होता की उभी गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडत होती.

"तुळजापूरला जाताना काही त्रास?"

"अजिबात नाही. सकाळी भाजीला जातो तेव्हाही नाही. दुपारी सात रस्त्याला दोन-तीन मिनिटं थांबलो की मात्र हमखास."

मी आयडल जागेवर आणलं, एसी बंद, ब्लोअर बंद, गाडी लिंबाखाली घेतली आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसलो. मिस्त्री हात न हलवता बसलेला गिऱ्हाइकाला बघवत नाही. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बारा-तेरा मिनिटं गेली, इंजिनच्या तापमानाचा काटा मध्याच्या पुढे सरकला आणि रेडिएटरच्या फॅनने घेतलं. त्या भुर्रर्र आवाजाच्या खाली अगदी बारीक "टक्" झालं. इंजिन खाली बसलं, दोनदा हललं आणि गप्प.

तो "टक्" एसीचं काम करणारा माणूस झोपेतही ओळखेल. कंप्रेसरची क्लच प्लेट पुलीला चिकटते आणि इंजिन कंप्रेसर फिरवायला लागतं, त्याचा तो आवाज. पण एसी तर बंद होता. परत चालू केली, या वेळी रेस थोडी धरायला लावली आणि फॅनने घेतल्यावर एसीच्या सक्शनच्या जाड पाइपवर हात ठेवला. मिनिटभरात पाइप गार पडायला लागला, मग त्याच्यावर पाण्याचे मणी आले. त्या उन्हात, एसी बंद असलेल्या गाडीत. माझ्याकडचं पोरगं म्हणालं, "दादा, गाडीत भूत हाय का काय ओ?"

भूत डाव्या हेडलाइटच्या मागे सापडलं. उन्हाने डांबर झालेली काळी टेप सोलली तर आत पिळून मारलेला जोड. किटबरोबर आलेला कंडेन्सरचा वेगळा फॅन कधीतरी जळला असणार. कुणीतरी तो काढून टाकला आणि रेडिएटरचाच फॅन एसीला जोडून दिला. कसा, तर कंप्रेसरच्या रिलेच्या (छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणारा स्विच) 87 नंबरवरून, म्हणजे करंट बाहेर देणाऱ्या पिनवरून, क्लचला जाणारी वायर मधेच सोलायची आणि तिच्यात फॅनची पॉझिटिव्ह पिळायची. एसी लावला, फॅन फिरला, काम झालं, पैसे घेतले. उन्हात उभ्या गाडीत एसी गार मारतो म्हणून गिऱ्हाईकही खूश.

पण करंट त्या वायरीतून जसा येतो तसा परतही जातो. या गाडीत थर्मो स्विचचा रिलेही त्याच फॅनला पॉझिटिव्ह द्यायचा. इंजिन तापलं की तो फॅनला बारा व्होल्ट देणार, आणि तेच बारा व्होल्ट जोडातून मागच्या दाराने क्लचला पोचणार. एसीचा स्विच, थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच, सगळे रिलेच्या कॉइलच्या, म्हणजे हुकूम देणाऱ्या बाजूला, त्यांना कुणी विचारतच नव्हतं. रेस वाढवणारा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्हही त्याच बाजूला. म्हणजे सरांनी स्वतः एसी लावला की आधी व्हॉल्व्ह रेस उचलायचा, इंजिन कंप्रेसरचा भार पेलायचं. भार मागच्या दाराने आला की व्हॉल्व्हला पत्ताच नाही. हायवेला वाऱ्यानेच रेडिएटर गार, फॅन लागायचाच नाही, म्हणून तुळजापूर सुखरूप.

गाडी बंद पडत होती ते बरंच म्हणायचं. गॅस लीक झाला असता तरी प्रेशर स्विचला डावलून कंप्रेसर फिरत राहिला असता आणि गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलावाचून जाम झाला असता. शिवाय ती वायर. क्लचपुरती, तीन-चार अँपिअरची. क्लॅम्प मीटर लावला तर एकटा फॅन साडेनऊ घेत होता. इन्सुलेशन पापडासारखं झालेलं, वाकवलं की तुकडे पडत होते.

खरं सांगायचं तर असा जोड मीही नवखा असताना चार-पाच गाड्यांत मारलाय. त्या गाड्या आज कुठल्या सिग्नलला उभ्या आहेत देव जाणे. त्यामुळे त्या अनोळखी वायरमनला शिव्या घालताना आवाज थोडा खालीच ठेवला.

काम तासाभराचं होतं. फॅनला स्वतःचा रिले दिला. 30 ला बॅटरीवरून वीस अँपिअरचा फ्यूज टाकून जाड वायर, 87 वरून फॅन, 85 अर्थ. 86 ला, म्हणजे कॉइलला, दोन वायरी, एक थर्मोकडून, दुसरी क्लचच्या लाइनवरून, आणि दोन्हींत एकेक 4007 नंबरचा डायोड, पांढरा पट्टा रिलेच्या बाजूला. कुणीही हाक मारली तरी रिले ओढणार, पण एकाचा करंट दुसऱ्याच्या घरात जाणार नाही. सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. मग थर्मो शॉर्ट करून क्लचच्या वायरीवर मीटर धरला. दुरुस्तीआधी धरला असता तर साडेबारा व्होल्ट दिसले असते, आता शून्य.

सर इतका वेळ माझ्या खांद्यावरून बघत होते. डायोड बोटात धरून म्हणाले, "अहो, हा मी तीस वर्षं फळ्यावर काढला. एका दिशेने विद्युतप्रवाह जाऊ देतो, दोन मार्क. हातात आजच घेतला."

लिंबाखाली परत गाडी लावली. फॅनने तीनदा घेतलं, तीनदा सोडलं, इंजिन जागचं हललं नाही. निघताना सरांनी माझ्याकडून बिलाच्या मागे सर्किट काढून घेतलं. मी काढलेल्या डायोडचा बाण उलटा होता. खिशातलं पेन काढून त्यांनी तो दुरुस्त केला, कागदाची घडी घातली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.