बाबांचा भोंगा

आज बाबांना लोअर परळला डॉक्टरांकडे नेलं होतं. परतताना म्हणाले, "जरा चालूया." इथल्याच कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते ते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा चोवीस वर्षांचे. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक. पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे आयुष्यभर वॉचमनची नोकरी केली.

गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. चिमणी तेवढी उरलीय. बाबा गेटपाशी थांबले आणि बोटाने दाखवायला लागले, इथे पाळीचं कार्ड, तिथे पाण्याचा नळ, पलीकडे मावशींची खानावळ. महिन्याच्या बोलीवर जेवायचे सगळे, पगार झाला की पैसे. संपात मावशींनी कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. त्या बायकांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेवढ्यात सिक्युरिटीवाला मुलगा आला, "काका, इथे उभं राहू नका." बोलण्यावरून आमच्याच बाजूचा, कोकणातला. बाबांनी त्याला गाव विचारलं, मग ड्युटी किती तासांची ते विचारलं.

"बारा," तो म्हणाला.

बाबा म्हणाले, "आमची आठ होती."